खापरीच्या पुढे

११ डिसेंबर २०२२ च्या रविवारी नागपूरच्या वर्धा रोडवर एका सकाळीच इतकी उद्घाटने झाली, की एखाद्या जिल्ह्याला दहा वर्षे पुरावीत. पंतप्रधानांनी झीरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनवर तिकीट काढले आणि मेट्रोने खापरी गाठली. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले, दुसऱ्या टप्प्याची कोनशिला बसली, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला आणि मिहानमधले एम्स रीतसर राष्ट्राला अर्पण झाले. मेट्रोचा पहिला टप्पा साडेआठ हजार कोटींच्या वरचा, दुसरा सुमारे सहा हजार सातशे कोटींचा, एम्स दीड हजार कोटींच्या पुढचे. मात्र खापरी स्टेशनाबाहेर पडल्यावर समृद्धीचा शून्य मैल असो की एम्स, पुढचा प्रवास पंतप्रधानांनाही मोटारीनेच करावा लागला. त्यांच्या दिमतीला ताफा होता. रोज तिथे उतरणाऱ्याच्या दिमतीला काय असते आणि जे नसते ते कुणी, कुणाकडे, कोणत्या पैशातून मागायचे, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

मिहान हे नागपूरच्या दक्षिणेचे, विमानतळाला लागून वसलेले स्वप्न. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली आणि खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या गावांच्या शेतजमिनी एकेक करून प्रकल्पात गेल्या. मालवाहू विमाने उतरतील, रस्ता आणि रेल्वे शेजारीच असेल, देशाच्या मध्यावरून माल चारी दिशांना जाईल, असा मूळ आराखडा. मालवाहतुकीचे स्वप्न रेंगाळले. माणसे मात्र आली. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा आल्या. विमानांच्या देखभालीचा कारखाना आला, दसॉल्ट आणि रिलायन्सचा संयुक्त कारखाना आला, औषध कंपन्या आल्या. दहेगावच्या शिवारात आयआयएमचा परिसर उभा राहिला आणि ८ मे २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शेजारी एम्स. म्हणजे जिथे माल यायचा होता तिथे आता रुग्ण, विद्यार्थी, अभियंते, नर्स, सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाया येतात. त्यांना कसे आणायचे याचा हिशेब आराखड्यात शेवटी आला, तोही अर्धवट.

एम्समध्ये सकाळच्या ओपीडीला पोचायचे असलेल्या रुग्णाचा दिवस पाहावा. गडचिरोली, यवतमाळ किंवा सीमेपलीकडच्या बालाघाट, छिंदवाड्याहून तो निघतो. एसटीने आला तर गणेशपेठच्या स्टँडवर उतरतो. जवळच्या कॉटन मार्केट स्टेशनातून मेट्रो मिळते, पण ती दुसऱ्या मार्गाची. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला उतरून गाडी बदलायची, मग खापरी. इथवर सगळे ठीक असते. डबा थंडगार, तिकीट परवडणारे, सरकते जिने. खापरीला जिना उतरला की पुन्हा जुने नागपूर सुरू होते. "एम्स, एम्स, चला एम्स!" असा ऑटोवाल्याचा पुकारा, भाड्याची घासाघीस, सोबतच्या म्हातारीला कुठे बसवायचे याची काळजी. अधूनमधून जोडसेवा सुरू होते, ई-रिक्षा दिसतात, बसही दिसते. पण पुढची बस नेमकी किती वाजता येईल याचा भरवसा नसला, की दुसऱ्या दिवशी माणूस तिची वाट पाहत नाही. वेळापत्रकावरचा विश्वास एकदा उडाला की तो परत बसवायला वर्षे जातात, आणि तेवढ्या वर्षांत घरात एक दुचाकी आलेली असते.

ही दुचाकीच मिहानची खरी सार्वजनिक वाहतूक आहे. खापरी ओलांडून आत जाणाऱ्या रस्त्यांवर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले तर डबल सीट जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसते. मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी कंपनीची बस किंवा कॅब असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम देताना त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहनाची सोय मालकावर बंधनकारक केली आहे. कायदा चांगला आहे. पण त्याच इमारतीत कंत्राटदारामार्फत फरशी पुसणारी बाई रात्री नऊला सुटली, तर ती या कलमात बसत नाही. तिच्यासाठी शेवटची मेट्रो साधारण दहाची, आणि कंपनीच्या फाटकापासून स्टेशनापर्यंत अंधारा रस्ता. सार्वजनिक वाहतुकीच्या पैशांची मागणी करायची तर ती कुणासाठी, याचे उत्तर या रस्त्यावर मिळते.

मग मागायचे कुणाकडे? इथेच पहिली अडचण येते. मिहानच्या रस्त्यांची मालक विमानतळ विकास कंपनी. रुळांची मालक मेट्रो चालवणारी महामेट्रो. शहर बस महापालिकेची, आणि मिहानचा मोठा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर. वर्धा रोडवरून जाणारी लाल बस एसटी महामंडळाची. ऑटोचा परवाना आरटीओचा. भोवतालच्या गावांचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, एम्स केंद्राचे, आणि वर्धा रोड स्वतः राष्ट्रीय महामार्ग. एखाद्याने तक्रार केली तर प्रत्येक कार्यालय खरेच सांगते की हे आमच्याकडे येत नाही. कुणीही खोटे बोलत नाही, आणि बस काही येत नाही.

ही विभागणी केवळ कागदी नाही; पैसाही याच फटींतून गळतो. मेट्रोचा पहिला टप्पा २०१४ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला तेव्हा त्याचा अंदाज ८,६८० कोटींचा होता, लांबी अडतीस किलोमीटरच्या आसपास. भागले तर दर किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या पुढे. त्यात केंद्राचे २० टक्के, राज्याचे २०, महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास यांचे ५-५ टक्के, उरलेले निम्मे कर्ज. त्यातले ५० कोटी युरो जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने दिले, १३ कोटी युरो फ्रान्सच्या एएफडी संस्थेने. शिवाय शहरात घर घेणारा प्रत्येक जण मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. २०२० मध्ये दोन वर्षांपुरती ही झळ कमी केली होती, एप्रिल २०२२ पासून ती पुन्हा लागू झाली. मानेवाड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्या शिक्षकाला ठाऊकही नसते, पण तो नागपूरच्या मेट्रोचा छोटा भांडवलदार आहे. त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि त्याने तो विचारावा.

या सगळ्या पैशाला एक गुण समान आहे: तो बांधायला मिळतो. खांब, पूल, स्टेशन, डबा. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल, खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा आहे आणि त्याची गिनेस बुकात नोंदही झाली. तो बांधण्यासाठी छत्रपती चौकातला आधीचा उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडावा लागला होता. एवढा पैसा, एवढी जिद्द, एवढे अभियांत्रिकी कौशल्य या शहरात आहे. कमतरता आहे ती रोजच्या डिझेलची, विजेची, चालक-वाहकांच्या पगाराची आणि सुट्या भागांची तरतूद करणाऱ्या पैशाची. सरकारी भाषेत तो महसुली खर्च. त्याची कोनशिला बसत नाही, फीत कापता येत नाही, आणि तो दर वर्षी नव्याने लागतो.

नागपूरने याची किंमत दोनदा तरी मोजली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इथे इथेनॉलवर धावणारी स्कॅनियाची बस प्रयोग म्हणून सुरू झाली. देशात कौतुक झाले, हिरव्या बसगाड्यांची संख्या वाढली, आणि २०१८ मध्ये थकीत देणी आणि करारातल्या वादांपायी कंपनीने त्या थांबवल्या. मे २०१७ मध्ये ओलाने इथेच दोनशे विजेच्या टॅक्सी-रिक्षांचा गाजावाजा करून प्रारंभ केला. वर्षभरातच चार्जिंगच्या रांगांत तासन्‌तास घालवणारे चालक डिझेल गाडी परत मागू लागले. दोन्ही वेळी वाहनाचे तंत्र चालत होते. पण महिन्याचा हिशेब कुणी भागवायचा आणि रांगेत गेलेल्या तासांचे पैसे कुणी द्यायचे, हे आधी ठरलेले नव्हते. पर्यावरणपूरक वाहतूक म्हटली की डोळ्यांपुढे हिरवा रंग आणि नवे इंजिन येते. नागपूरचा अनुभव सांगतो की ती आधी वित्त विभागाची गोष्ट आहे.

शहर बसची कथा याहून जुनी. विदर्भातली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर एसटी महामंडळात विलीन झाली आणि नागपूरच्या शहर बसही पुढे दशकानुदशके एसटीच चालवत होती. २००७ मध्ये ती जबाबदारी महापालिकेकडे आली आणि खासगी कंत्राटदाराच्या ‘स्टारबस’ धावू लागल्या. पुढे ती व्यवस्था मोडली, नवे कंत्राटदार आले, नाव ‘आपली बस’ झाले. दरम्यान चालक-वाहकांचे पगारासाठी संप, थकबाकी, बंद पडलेल्या गाड्या, मोरभवनच्या थांब्यावर ताटकळणारी गर्दी. महापालिका दरवर्षी बसची तूट भरते आणि दरवर्षी ती तूट सभागृहात ओझे म्हणून मांडली जाते. रस्त्याच्या डांबरीकरणावर गेलेला पैसा मात्र कुणी तूट म्हणत नाही. दोन्ही खर्च माणसांच्या हालचालीसाठीच होतात. एकाला गुंतवणूक आणि दुसऱ्याला तोटा म्हणायची सवय हिशेबाची नसून राजकारणाची आहे.

त्यातही मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे. नगरसेवक नाही, परिवहन समिती नाही. बस आली नाही म्हणून ज्याच्या घरी जाऊन भांडावे असा माणूसच उरला नव्हता. याच चार वर्षांत मेट्रो पूर्ण झाली, एम्स भरू लागले आणि मिहानकडे जाणारी गर्दी वाढली.

नागपूरकर मागणी करायला लाजतात असे कुणी म्हणू नये. विदर्भाचे सगळे आधुनिक राजकारणच हिशेब मागण्याचे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापासून निधीतल्या न्याय्य वाट्याचा शब्द दिला गेला. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘अनुशेष’ हा शब्द घराघरात गेला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. पानठेल्यावरच्या गप्पांतही इथे अनुशेषाचे आकडे फेकले जातात. पण या परंपरेची एक मर्यादाही आहे. तिने मागितले ते प्रकल्प: धरण, रस्ता, वीज, कारखाना, विमानतळ. जे एकदा बांधून मोजता येते ते अनुशेषात बसते. दर पंधरा मिनिटांनी येणारी बस त्यात बसत नाही, कारण ती ‘झाली’ असे कधी म्हणताच येत नाही. मिहान हे या परंपरेचेच अपत्य आहे आणि तिच्या आंधळ्या कोपऱ्यात ते सापडले आहे.

नकाराची ताकदही या शहराने दाखवली आहे. अजनीला रेल्वे, मेट्रो आणि बस एकत्र आणणारे भव्य इंटरमोडल स्टेशन राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बांधणार होते. त्यासाठी रेल्वे कॉलनीतली हजारो झाडे जाणार असे २०२० च्या सुमारास उघड झाले, तेव्हा ‘अजनी वन’ वाचवण्यासाठी लोक एकत्र आले. शाळकरी मुलांनी चित्रे काढली, निवृत्त माणसांनी झाडे मोजली, हरकतींचे गठ्ठे गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका उभ्या राहिल्या. अखेर मूळ आराखडा बाजूला ठेवावा लागला. त्या आंदोलनावर ‘विकासविरोधी’ असा शिक्का मारला गेला तो अन्यायाचा होता. आंदोलकांपैकी कित्येक जण सार्वजनिक वाहतुकीचेच पुरस्कर्ते होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की लोकांना गाडीपर्यंत नेण्यासाठी सावली तोडायची गरज नाही. हा मुद्दा नागपुरात भावनेचा नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा गावात स्टेशन ते कार्यालय या रस्त्यावरचे झाड ही वाहतूक व्यवस्थेचीच वस्तू आहे, आणि मिहानच्या रुंद, उघड्या रस्त्यांवर ती फार थोडी आहे.

अजनीत जी एकजूट ‘नको’ म्हणण्यासाठी झाली, ती ‘हवे’ म्हणण्यासाठी, तेही दरवर्षी, कशी उभी करायची? महाराष्ट्रात याची उदाहरणे आहेत. पुण्यात ‘परिसर’ ही संस्था आणि पीएमपी प्रवासी मंच कित्येक वर्षे बसचा विषय लावून धरतात: मार्ग कुठला बंद झाला, गाड्या किती बंद पडल्या, अंदाजपत्रकात बसला काय मिळाले. पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे महापालिकेने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलायची, असा वाटा तिथे ठरलेला आहे. पुरेसा आहे की नाही यावर वाद होतो; पण वाद घालायला एक आकडा आहे, हीच मोठी गोष्ट. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सकाळ’च्या पुढाकाराने तिथे ‘बस डे’ झाला. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त बस एका दिवसापुरत्या रस्त्यावर आणल्या गेल्या आणि गाड्या पुरेशा असतील तर लोक चढतात, हे शहराने पाहिले. दुसऱ्या दिवशी जादा गाड्या परत गेल्या. एका दिवसाच्या उत्साहाचे महिनेमहिन्यांच्या तरतुदीत रूपांतर करणे हेच अवघड काम आहे.

मुंबईत ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ हा मंच बेस्टचे अंदाजपत्रक महापालिकेच्या अंदाजपत्रकात सामावून घ्या, अशी मागणी करत आला. जुलै २०१९ मध्ये पालिकेच्या अर्थसाहाय्याच्या आधारे बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा सोडून गेलेले प्रवासी परत आले. पण स्वतःचा ताफा आटत गेला, भाड्याच्या गाड्यांवर भिस्त वाढली आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. स्वस्त तिकीट आणि पुरेशा गाड्या या दोन मागण्या वेगळ्या काढल्या की दोन्ही हातच्या जातात.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र दूरचे आहे, आणि ते अशा शहरातले की ज्याला मोटारींचीच राजधानी समजतात. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली वाहतूक प्राधिकरणाने बसचे भाडे वाढवायचे आणि मासिक पास बंद करायचा घाट घातला. त्याच वेळी नव्या रेल्वेमार्गावर पैसा ओतला जात होता. बसमधले प्रवासी बहुतांश मोलकरणी, शिवणकारखान्यातल्या बाया, स्थलांतरित मजूर. त्यांची ‘बस रायडर्स युनियन’ ही संघटना इतर नागरी हक्क संघटनांसह न्यायालयात गेली. म्हणणे असे की सार्वजनिक पैशाची ही वाटणी भेदभावाची आहे. १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि पुढची दहा वर्षे प्राधिकरणाला मासिक पास टिकवावा लागला, बसमधली गर्दी ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागली, नव्या गाड्या घ्याव्या लागल्या. युनियनची माणसे बसमध्येच सभा घेत. मालकाच्या कार्यालयासमोर धरणे देण्यापेक्षा चालत्या बसमध्ये सभासद नोंदवणे त्यांना सोपे गेले. सगळे सभासद तिथेच तर असत. खापरीहून सकाळी सुटणाऱ्या ई-रिक्षात किंवा मेट्रोच्या शेवटच्या डब्यात हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही.

मेट्रो आणि बस यांच्यात भांडण लावायचा इथे हेतू नाही. लॉस एंजेलिसमध्ये ते लागले आणि त्याचे ओरखडे बरीच वर्षे राहिले. नागपूरची मेट्रो उभी आहे, सौर पॅनेलवर बरीचशी वीज मिळवते, आणि खापरीपर्यंतचा प्रवास तिने खरोखर सुधारला आहे. २०२३ पासून विद्यार्थ्यांना भाड्यात ३० टक्के सवलत मिळू लागली तीही मोलाची. पण जोडसेवेवाचून मेट्रो म्हणजे वाडग्याविना चमचा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानेच जोडसेवा आणि शेवटच्या टप्प्याची सोय प्रकल्पातच गृहीत धरावी, शहरासाठी एकच एकात्मिक वाहतूक प्राधिकरण असावे, असे सांगितले आहे. वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीचा विचार करा, असे २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगत आले. म्हणजे नागपूरकरांना नवे तत्त्वज्ञान मांडायचे नाही. सरकारचेच कागद सरकारपुढे ठेवायचे आहेत.

पैसा कुठून, हा प्रश्न उरतोच. फ्रान्सने त्याचे एक उत्तर १९७१ मध्ये पॅरिस परिसरात काढले आणि नंतर इतर शहरांत नेले. ठरावीक संख्येहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांनी पगाराच्या काही टक्के रक्कम वाहतुकीसाठी भरायची. तर्क सरळ आहे: कामगार वेळेवर पोचला तर फायदा मालकाचाही होतो, तर मग त्याने हातभार लावावा. हा पैसा बांधकामाबरोबर रोजच्या सेवेवरही खर्च करता येतो, हे त्याचे खरे बळ.

इथे असे काही चालणार नाही असे म्हणणाऱ्याने मिहानमधल्या कुठल्याही पगारपत्रकाकडे नीट पाहावे. त्यात ‘पीटी’ असा एक रकाना असतो. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळाने होरपळलेल्या खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळावे, म्हणून शहरातल्या पगारदाराने खिशातून थोडे काढायचे. वि. स. पागे यांची कल्पना, त्यामागे १९७२ च्या दुष्काळातली आंदोलने, आणि विधिमंडळात सर्वपक्षीय संमती. विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर, तोही बांधकामासाठी नव्हे, मजुरी देण्यासाठी म्हणजे शुद्ध चालू खर्चासाठी, हे महाराष्ट्राने फ्रान्सला न विचारता केले होते. केंद्राची मनरेगा त्यातूनच उमलली. म्हणून वाहतुकीसाठी स्थानिक निधीची कल्पना परदेशी म्हणून झटकता येणार नाही. मिहानमध्ये जमिनी भाडेपट्ट्याने देणारी कंपनी, तिथे बस-कॅबवर आपापला वेगळा खर्च करणारे उद्योग, मेट्रो आणि महापालिका यांनी मिळून एक जोडसेवा निधी उभारावा, ही मागणी कायद्याच्या चौकटीत बसवता येईल. आज पाच कंपन्यांच्या पाच अर्ध्या रिकाम्या बस एकाच रस्त्याने पाच वेगवेगळ्या वेळी जातात. त्यांच्या खर्चात सर्वांसाठी खुली असलेली एक नियमित फेरी चालवता येते का, याचा हिशेब तरी मांडून पाहावा.

केंद्राकडूनही आता वेगळ्या प्रकारचा पैसा येतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा १६९ शहरांत दहा हजार विजेच्या बस चालवण्यासाठी आहे. एकूण खर्च ५७,६१३ कोटींचा, केंद्राचा वाटा वीस हजार कोटींचा. तिचे वेगळेपण असे, की बस विकत घेऊन देण्याऐवजी ती धावलेल्या किलोमीटरमागे दहा वर्षे साहाय्य देते. स्कॅनिया आणि ओलाच्या प्रयोगांत जी उणीव होती तिच्यावर नेमके बोट ठेवणारी ही रचना. पण दर किलोमीटरचा उरलेला भार शहरालाच उचलायचा आहे आणि कोणता मार्ग धरायचा हेही शहरालाच ठरवायचे आहे. मिहान महापालिकेच्या हद्दीबाहेर म्हणून मार्गाच्या यादीतून गळले, तर दिल्लीचा पैसा येऊनही खापरीच्या पुढे काही बदलणार नाही.

या विषयावर बोलताना एक वर्ग नेहमी विसरला जातो: ऑटो आणि ई-रिक्षा चालवणारे. फेरी नियमित झाली की आपले पोट जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांना बाहेर ठेवून केलेली कुठलीही मागणी खापरी स्टेशनाबाहेरच अडेल. ठरलेले भाडे, ठरलेला थांबा, गर्दीच्या वेळी बस आणि आडवेळी शेअर रिक्षा अशी वाटणी त्यांच्या संघटनांबरोबर बसून करावी लागेल. प्रवाशांच्या चळवळींना कामगारांशी जुळवून घेणे नेहमीच जड जाते. बर्डीहून वातानुकूलित डब्यात येणारा अभियंता आणि स्टेशनाबाहेर उन्हात गिऱ्हाईक शोधणारा चालक यांचे हित एकाच अंदाजपत्रकात बांधलेले आहे, हे दोघांनाही पटायला वेळ लागेल.

जोडसेवा जमते, हेही नागपूरने पाहिले आहे. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा आंतरराष्ट्रीय सामना असला की मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते, खापरीकडून बस सुटतात, पोलीस वाहतूक वळवतात आणि हजारो माणसे मध्यरात्रीनंतरही घरी पोचतात. सप्टेंबर २०२२ च्या भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामन्याला ही सगळी कार्यालये एका टेबलावर बसली होती. सामना वर्षातून एखाद-दोनदा असतो. एम्सची ओपीडी सोमवार ते शनिवार.

दुसऱ्या टप्प्यात ४३.८ किलोमीटरचा मार्ग आणि ३२ स्टेशने आहेत. मेट्रो खापरी-मिहान ओलांडून जामठा, डोंगरगाव, मोहगाव करत बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणार आहे. उत्तरेला कन्हान, पश्चिमेला हिंगणा, पूर्वेला कापसी. बुटीबोरीचा कामगार आज शेअर गाडीत दाटीवाटीने किंवा महामार्गावरून दुचाकीने जातो. त्याला ही मेट्रो हवीच आहे. पण स्टेशनाखाली बस उभी राहायला जागा, रिक्षाचा थांबा, महामार्ग ओलांडायला सुरक्षित वाट, कारखान्याच्या फाटकापर्यंत पदपथ आणि त्यावर झाडे, हे सगळे नकाशावर असते तेव्हाच मागावे लागते. खांब उभे राहिल्यावर मागितले तर उत्तर ठरलेले असते: आता कंत्राट निघून गेले. २०१५ मध्ये महानगर प्रदेशाचा आराखडा ७१९ गावांसाठी प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. खेड्यातले शेतकरी गटनंबर हातात घेऊन सुनावणीला आले होते. तीच माणसे, त्यांची मुले आता मिहान-बुटीबोरीत कामाला जातात. हरकत कशी लिहायची हे त्यांना शिकवावे लागणार नाही; या वेळी ती जमिनीऐवजी बसथांब्याची लिहायची आहे, एवढाच फरक.

महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तयार होते. त्याआधी परिवहन विभागाच्या रकान्यात खापरी ते एम्स या मार्गासाठी किती फेऱ्या धरल्या आहेत, विमानतळ विकास कंपनी आणि महामेट्रो त्यात किती वाटा उचलणार आहेत, आणि पहिली बस ओपीडीच्या नोंदणीआधी पोचते का, हे तीन प्रश्न लेखी विचारता येतात. निवडून आलेले सभागृह आता पुन्हा आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, आणि खापरी-चिंचभुवनच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर अर्जाखाली सही करायला माणसे मिळतील.